पन्नाशीनंतर पुन्हा बाहेर

पन्नाशी उलटल्यावर, घरात सून आलेली असताना, मला पुन्हा महिन्याचं बाहेर बसावं लागलं. एवढं एक वाक्य लिहितानाही मी आत्ता मागे वळून पाहिलं, खोलीत कोणी नाही ना म्हणून.

इकडे कन्नड मुलखात, चामराजपेटेतल्या आमच्या घरात 'बाहेर' म्हणजे रस्त्यावर नव्हे. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाला लागून एक लहानशी खोली होती. घरातल्या ज्या बाईला कावळा शिवे, तिनं तीन दिवस तिथं राहायचं. चटई वेगळी, ताट-भांडं वेगळं, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही आणि देवघराकडे फिरकायचंही नाही. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. येताना जे रीतिरिवाज आणले, ते आम्ही लोणच्याच्या बरणीसारखे फडकं बांधून जपले. माझी सून पुण्याची. ती लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाली, "आई, पुण्यात आता हे एवढं कोणी पाळत नाही हो." मी लगेच म्हटलं, "पुणं बिघडलं असेल, आम्ही नाही बिघडलो." माझ्या या उत्तराचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

सून बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करायची. सकाळी कंपनीच्या बसनं जायची आणि अंधार पडता पडता परत यायची. त्या तीन दिवसांतही ऑफिसला जायची आणि आल्यावर पर्स कोपऱ्यात ठेवून मागच्या खोलीत जाऊन बसायची. मी तिचं ताट उंबऱ्यापाशी ठेवायची आणि हातानं पुढे सरकवायची. ऑफिसात दिवसभर कुणाकुणाला शिवून येते, आणि इथं उंबऱ्याशी येऊन विटाळ सुरू होतो, यातली गंमत मला कळत नव्हती असं नाही. पण कळलेली प्रत्येक गोष्ट बोलायची नसते, हे सासू झाल्यावर बाईला आपोआप समजतं.

माझी स्वतःची त्या खोलीतून सुटका लवकर झाली होती, पंचेचाळिशीच्या आसपास. इतर बायका त्या दिवसांत रडतात, घाम पुसतात. मी मात्र मनातल्या मनात पेढे वाटले. कारण त्यानंतर देवघर माझ्या हाती आलं. त्याआधी ते अक्कांकडे होतं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. घरातले लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणत. आमच्या कुलदेवीचा नैवेद्य सोवळ्यात रांधायचा मान त्यांचा. पण वर्षागणिक त्यांची पाठ वाकत गेली, इतकी की शेवटी त्यांना समोरचं माणूस कमरेपर्यंतच दिसे. पुरणाचं पातेलं उचलवेना, तेव्हा त्यांनी किल्ल्या दिल्यासारखी सोवळ्याची साडी माझ्या हातात दिली. तो मान मिळाल्यावर मी जरा ताठच चालायला लागले होते, हे खरं आहे.

मग एके सकाळी त्याच धुण्याच्या दगडापाशी माझा पाय घसरला. फार जोरात पडलेही नाही, हात टेकून बसले एवढंच. पण मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, उतरलं, आणि हाडांच्या डॉक्टरांनी मला एका बाईडॉक्टरकडे पाठवलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं, म्हणाले.

बाईडॉक्टरनी पाळी कधी गेली ते विचारलं. आमचे हे शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात हा शब्द आमच्यात कधी उच्चारला गेला नव्हता. हे लगेच भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, हाडं विरळ झालीत, पाळी लवकर गेली की असं होतं. घरात कुणाची पाठ वाकलीय का? मी अक्कांचं नाव सांगितलं आणि लगेच पुढे जोडलं, "पण त्या जाऊ आहेत, रक्ताच्या नव्हेत." जणू तेवढ्यानं मी सुटणार होते.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक माझ्या हातातली: नाचणी, दूध, तीळ, सकाळचं ऊन, रोज चालणं, आणि जड काही उचलायचं नाही. दुसरी त्यांच्या हातातली: हार्मोनच्या गोळ्या. इतर तपासण्या करून त्या म्हणाल्या, "तुमच्या बाबतीत नुसत्या पहिल्या गोष्टीवर भागणार नाही. दोन्ही करा." मग अगदी सहज, औषध जेवणानंतर घ्या म्हणावं तशा सुरात म्हणाल्या, "या गोळ्यांनी दर महिन्याला थोडे दिवस अंगावरून जाईल. पूर्वीसारखंच. घाबरू नका."

ह्यांचं कॅलेंडर अजून वाचून झालं नव्हतं.

परत येताना आम्ही ऑटो केली. मार्केटपाशी आल्यावर हे म्हणाले, "गोळीनं आलेलं, म्हणजे ते काही खरं नव्हे. नाही का?" मी म्हटलं, "भटजींना विचारून या." त्यावर पुढचा सगळा रस्ता ते ड्रायव्हरच्या डोक्याकडे बघत होते.

खरं सांगायचं तर डॉक्टर म्हणतात तसं होईलच असं मला वाटलं नव्हतं. आटलेल्या विहिरीला पाणी कुठून येणार? पण आलं, आणि आलं तेही शुक्रवारी संध्याकाळी, मी देवीच्या नैवेद्याची खीर ढवळत असताना. मी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले. क्षणभर मनात आलं, कुणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण समोर देवी होती आणि मागे पाटावर अक्का बसल्या होत्या. मी गॅस बंद केला आणि खाली वाकून त्यांच्या कानात सांगितलं.

"अय्यो," अक्का म्हणाल्या. "या वयात?"

मी गोळ्यांचं सांगितलं. मान वर होत नसल्यामुळे त्या नेहमी फरशीलाच विचारल्यासारखं बोलत. "रक्त ते रक्तच गं. गोळीनं दिलं काय, देवानं दिलं काय. जा बाहेर."

मी गेले. खोलीत सून बसली होती. तिचा दुसरा दिवस होता.

त्या संध्याकाळी माझ्या जिवाला जे वाटलं ते मी कधीच विसरणार नाही. सासू आणि सून, एकाच खोलीत, दोन चटयांवर. ती पोरगी इतकी गोंधळली की उठून उभीच राहिली. मी भिंतीकडे तोंड केलं. "डॉक्टरांचं औषध आहे," एवढंच म्हटलं. ती "हो, हो, आई" म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली. पान मात्र उलटलं नाही. शेजारच्या कन्नड बाई भिंतीवरून डोकावल्या आणि आम्हा दोघींना बघून त्यांनी हसू पदरात दाबलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत नळापाशी चर्चा होती की त्या घरात आता सासूबाईंनाच पाळणा हलवायचाय. ह्यांना कुणीतरी पानाच्या दुकानात टोमणा मारला. हे महिनाभर त्या दुकानाकडे फिरकले नाहीत. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं होतं.

आणि तरी सगळ्यात वाईट ते नव्हतं. आम्ही दोघी बाहेर, म्हणजे स्वयंपाक कुणी करायचा? अक्कांनी. मागच्या खोलीच्या दारातून स्वयंपाकघराचा एक तुकडा दिसत असे. त्या तुकड्यात मला दिसलं, की अक्का स्टूल ओढत ओढत ओट्यापाशी नेताहेत, त्यावर गुडघा टेकून वर होताहेत, आणि भाताचं पातेलं दोन्ही हातांनी धरून, छातीशी टेकवून, उतरवताहेत. मला उठता येत नव्हतं. म्हणजे पायांनी येत होतं. रीतीनं येत नव्हतं. माझी पाठ सरळ राहावी म्हणून मोडकी पाठ ओट्याशी झुंजत होती. त्यांनी वाढलेला भात मी ताटात निम्मा तसाच ठेवला.

दोनतीन महिने असेच गेले आणि मी गोळ्या बंद केल्या.

घरात मी थाटात जाहीर केलं, की औषधांनी शरीराची वाट लागते, आपण आपलं खाण्यापिण्यानं आणि चालण्यानं हाडं बळकट करायची. डॉक्टरांच्या दोन गोष्टींतली पहिली मी उचलली, दुसरी हळूच टेबलाखाली टाकली. सगळ्यांना ते पटलं. ह्यांना तर फारच पटलं. अक्का म्हणाल्या, "सरी, बरोबर आहे. रागीसारखं अन्न नाही." खरं कारण कुणीच बोललं नाही. नाचणी खाऊन कुणी बाहेर बसत नाही, हे ते कारण.

आणि मी मनापासून केलं सगळं, त्यात कसूर नाही. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी तिळाची चटणी, निजताना दूध. उन्हात नुसतं बसायची आमच्यात पद्धत नाही, लोक आजारी समजतात. म्हणून मी गच्चीवर सांडगे घालून राखण करत बसायची. त्या वर्षी इतके सांडगे झाले की पाहुण्यांना बळेबळे बांधून द्यावे लागले. चालण्याचं तर आणखीच अवघड. पातळ नेसलेली बाई पायात कॅनव्हासचे बूट घालून बिनकामाची चालतेय, हे आमच्या पेटेत कुणी पाहिलं नव्हतं. मग मी हातात रिकामी पिशवी घेऊन निघायची, बाजाराला चालल्यासारखी. मार्केटपर्यंत जाऊन तशीच परत. भाजीवाल्या विचारायच्या, "एन बेकु अक्का?" काय हवंय म्हणून. मी म्हणायची, "सुम्ने." काही नको, असंच. रोज उठून 'असंच' येणाऱ्या बाईला बघून त्या एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, माझी हाडं, माझ्या गोळ्या, मागची खोली, सगळं यांना माहीत आहे.

वर्ष उलटलं. पाठ दुखायची, पण ती चालण्यानं, असं मी म्हणायची. देवघरातला टांगलेला दिवा लावताना टाचा उंच कराव्या लागायला लागल्या. साखळी सैल झाली असेल, असं काहीतरी मनाशी बोलायची. साखळी सैल झाली की दिवा खाली येतो, वर जात नाही, एवढी अक्कल मला होती. पण वापरायची इच्छा नव्हती.

ते पकडलं अक्कांनी. नवरात्राला पंधरवडा राहिला होता. आम्ही दोघी चांदीची भांडी घासत होतो. मी उठून पाणी आणायला गेले आणि मागून त्यांचा आवाज आला, "थांब तिथं."

मी थांबले.

"तुझा परकर लोळतोय."

मी खाली पाहिलं. परकराची काठाची पट्टी फरशीला टेकून काळी झाली होती. साडी रोज नव्यानं नेसायची असते, निऱ्या आपण हाताच्या अंदाजानं वर-खाली करतो. परकर मात्र शिंप्यानं एकदा शिवून दिलेला. तो खाली येत नाही.

"नाडी सैल झाली असेल," मी म्हटलं.

"मी काय आंधळी? मला जगात दुसरं दिसतं तरी काय? दहा-बारा वर्षं या घरातल्या सगळ्यांचे पाय बघतेय मी. हाच परकर मागच्या नवरात्रात तुझ्या घोट्याच्या वर होता. माझे परकर असेच लोळायला लागले होते. मीही नाडीलाच दोष दिला." मग हळूच विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

मी खोटं बोलू शकले असते. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. पण मला रडूच कोसळलं. मी सांगितलं, की बंद केल्या, कधीच केल्या. लाज वाटली म्हणून केल्या. सुनेशेजारी बसायची लाज, गल्लीची लाज, आणि तुम्हाला त्या स्टुलावर चढताना बघायची लाज.

अक्कांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माझ्याजवळ बस स्वल्प."

मी बसले. त्यांनी राखेचा हात पदराला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला. मानेपासून खाली, एकेक मणका चाचपत आल्या आणि मधेच एका जागी बोट थांबवलं. तिथं दुखत होतं. "माझं इथनंच सुरू झालं," त्या म्हणाल्या. "तुला एक सांगते, कुणाला बोलू नकोस. नवरात्रात देवीचा मुखवटा मांडता ना तुम्ही? मला तो दिसत नाही. चौरंगाचे पाय दिसतात फक्त. आरतीला सगळ्यांबरोबर हात जोडते आणि चौरंगाला नमस्कार करते. किती वर्षं झाली, तिचं तोंड आठवावं लागतं."

मी पदरानं डोळे पुसले.

"उद्यापासून गोळ्या सुरू कर. आणि त्या दिवसांत बाहेरबिहेर बसू नकोस. आत ये, रांध. जड तेवढं उचलू नकोस. मी सांगते म्हणून सांग कुणी विचारलं तर. देवीला मी बघून घेईन." आणि मग, फरशीलाच, "ती मला नाही दिसत, पण मी तिला दिसत असेन की."

ज्या बाईनं जन्मभर विटाळाचा वारा अंगावर घेतला नाही, तिनं एका वाक्यात माझ्यासाठी ती खोली बंद केली. मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या दिवशी पिशवी न घेता चालून आले.

दुसऱ्या दिवशी सुनेला मी माझ्या गोळ्या आणायला सांगितल्या. कारण तिलाच बसमधून उतरल्यावर मेडिकलचं दुकान लागत असे, आणि मुलाला किंवा ह्यांना सांगायची सोय नव्हती. ती आली. देवघरासमोर मी आणि अक्का वाती वळत होतो. तिनं पर्समधून दोन पाकिटं काढली आणि पाटावर शेजारी शेजारी ठेवली.

"ही तुमची, आई. आणि ही माझी."

तिची कसली, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात सणाला सून बाहेर बसलेली चालत नसे. गौरी असोत, नवरात्र असो, तारखा जवळ आल्या की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायला मी तिला सांगायची. लग्न झाल्यापासून प्रत्येक सणाला. सुरुवातीला एकदा ती म्हणाली होती, की त्यांनी मला मळमळतं, डोकं फार दुखतं. मी म्हटलं होतं, देवाच्या कामाला एवढं चालतं गं, आपल्या घरात सगळ्यांनीच केलंय. पुढे तिनं तक्रार केली नाही. मी न सांगताच आपणहून आणायला लागली. औषधांनी शरीराची वाट लागते, हे माझं वर्षभराचं प्रवचन तिनं याच पाटावर बसून ऐकलं होतं. पाळी थांबवणारी गोळी आमच्याकडे पुण्याईची होती. आणणारी गोळी लाजेची. दोन्ही पाकिटं तिथं शेजारी शेजारी पडली होती आणि मी ती अशी कधी एकत्र पाहिली नव्हती.

मी चाचरत तिला अक्कांचा निर्णय सांगितला. या वेळी मी बाहेर बसणार नाही, हाडांचं औषध आहे, अक्कांनीच सांगितलंय वगैरे.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. मग तिनं स्वतःचं पाकीट उचललं आणि कुकर लावू का असं विचारावं तसं विचारलं, "मग माझी घ्यायची की नाही?"

अक्कांच्या हातातली वात थांबली. माझीही. माझ्या दुखऱ्या मणक्यासाठी साडेतीनशे वर्षांचा रिवाज एका दुपारी वाकला होता. तिच्या मळमळीसाठी, डोकेदुखीसाठी तो कधी केसभरही हलला नव्हता. हलवून बघावा असं आम्हा दोघींपैकी कुणाला सुचलंसुद्धा नव्हतं. कारण तिची पाठ सरळ होती.

"नको घेऊस," मी म्हटलं.

"बरं." तिनं पाकीट पर्समध्ये टाकलं. उंबऱ्यापाशी जाऊन वळली. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "हे एवढं सोपं होतं होय, आई?"

ती आत दूध तापवायला गेली. आम्ही दोघी फरशीकडे बघत बसलो होतो. अक्कांना मान वर करता येत नव्हती. मला येत होती.